वायर डबल, गुण डबल?

"डॉक्टर, एकाऐवजी दोन गोळ्या घेतल्या तर लवकर गुण येईल का?"

साताऱ्यातल्या माझ्या दवाखान्यात हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतोच. विचारणारे कधी शेतकरी असतात, कधी बँक मॅनेजर. काही जण विचारतात, काही जण न विचारताच घेऊन मोकळे होतात आणि मग सांगायला येतात. आज या प्रश्नाचं उत्तर मी जरा लांबच्या वाटेने देणार आहे. ही वाट पेठ नाक्याला वळून सांगलीला जाते आणि तिथे एका वायरीशी थांबते. थोडा धीर धरा, गोळीपर्यंत आपण नक्की पोचू.

सांगलीला माझा एक शाळासोबती राहतो. त्याच्या परवानगीनेच हे लिहितो आहे. वय त्रेसष्ट, नोकरीतून निवृत्त, आणि गाणं ऐकण्याचा नाद खुळा! त्याच्या हॉलमध्ये अँप्लिफायर, सीडी प्लेअर, टर्नटेबल आणि कमरेएवढे दोन स्पीकर आहेत. मला गाण्यातलं फार कळत नाही, पण ऐकायला आवडतं. माझ्याकडेही साताऱ्यात छोटीशी सिस्टीम आहे. त्यामुळे आमच्या फोनवरच्या गप्पा तब्येतीवरून सुरू होतात आणि स्पीकरवर संपतात.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर त्याचा फोन आला. "लेका, पडदा उठल्यासारखा आवाज आलाय! सीडी प्लेअरपासून अँप्लिफायरपर्यंत जी वायर जाते ना, ती मी डबल केली. एकाला एक जोडून दुसरी. ये आणि ऐक."

हा काय प्रकार आहे ते आधी सांगतो. सीडी प्लेअरमधून निघणारा बारीकसा विद्युत संकेत अँप्लिफायरपर्यंत नेणाऱ्या केबलला इंटरकनेक्ट म्हणतात. डावीकडची एक, उजवीकडची एक. दोन्ही टोकांना वाय आकाराचे जोड लावायचे आणि प्रत्येक बाजूला एकीच्या जागी दोन केबल शेजारी शेजारी जोडायच्या. डोक्यातलं गणित साधं आहे: रस्ता दुपदरी केला की वाहतूक सुरळीत होते, तसंच संगीताचंही होणार. या दुपदरीकरणावर त्याचे नऊ हजार रुपये गेले होते.

आता थोडं विज्ञान. वायर डबल केली की दोन गोष्टी होतात. तिचा रोध निम्मा होतो आणि तिची धारिता, म्हणजे कपॅसिटन्स, दुप्पट होते. दोन्ही बदल खरे आहेत, मोजता येतात. पण ते किती मोठे आहेत? एक मीटर केबलचा रोध ०.१ ओहम धरा. तो ०.०५ झाला. समोर अँप्लिफायरच्या प्रवेशाशी रोध असतो १० हजार ते ४७ हजार ओहम. म्हणजे रोजच्या स्वयंपाकात मिठाचा एक खडा कमी पडला, तेवढाही हा फरक नाही. धारितेचं काय? प्लेअरचा निर्गम रोध १,००० ओहम आणि केबलची धारिता २०० पिकोफॅरड धरली, तर वरचे सूर दबायला सुरुवात होते ती साधारण ८ लाख हर्ट्झच्या आसपास. केबल डबल केली की हा आकडा ४ लाखांवर येतो. माणसाचा कान फार फार तर २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकतो, तेही तरुणपणी. पन्नाशी ओलांडलेल्या बऱ्याच जणांचा कान १२ हजारांच्या आसपासच हात टेकतो. ४ लाख काय आणि ८ लाख काय, आपल्याला सारखंच!

मग मित्र खोटं बोलत होता का? अजिबात नाही. त्याला खरोखरच आवाज चांगला वाटला होता. इथेच डॉक्टरचं कुतूहल जागं होतं, कारण हा अनुभव आम्हाला रोज भेटतो.

१७९६ साली अमेरिकेत एलिशा पर्किन्स नावाच्या वैद्याने धातूच्या दोन टोकदार कांड्यांचं पेटंट घेतलं. दुखऱ्या भागावरून त्या ओढल्या की दुखणं ओढून बाहेर काढतात, असा दावा होता. लोकांना गुण येत होता. कांड्या महागड्या होत्या आणि इंग्लंडपर्यंत पोचल्या होत्या. १७९९ मध्ये बाथ गावच्या डॉ. जॉन हेगार्थ यांनी एक साधी युक्ती केली. त्यांनी हुबेहूब तशाच दिसणाऱ्या लाकडी कांड्या बनवून घेतल्या आणि जुन्या संधिवाताच्या पाच रुग्णांवर फिरवल्या. पाचपैकी चौघांना आराम पडला! दुसऱ्या दिवशी खऱ्या धातूच्या कांड्या वापरल्या, तर निकाल तसाच. म्हणजे गुण धातूत नव्हता, अपेक्षेत होता. वेदना कमी झाल्या हे मात्र खरं होतं, हे विसरू नका.

याची उलटी बाजूही आहे. 'अपाय होणार' असं मनात धरलं की अपाय होतो. दुष्परिणाम होतात म्हणून कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी सोडून दिलेल्या ६० रुग्णांवर लंडनमध्ये 'सॅमसन' नावाचा अभ्यास झाला. तो २०२० साली प्रसिद्ध झाला. प्रत्येकाला एका वर्षासाठी बारा बाटल्या दिल्या. चार महिने खरी गोळी, चार महिने हुबेहूब पण औषध नसलेली गोळी, आणि चार महिने रिकामी बाटली, असा क्रम उलटसुलट लावलेला. रुग्णांनी रोज आपला त्रास शंभरपैकी आकड्यात नोंदवायचा. गोळी नसलेल्या महिन्यांत सरासरी ८, खऱ्या गोळीच्या महिन्यांत १६.३ आणि खोट्या गोळीच्या महिन्यांत १५.४! म्हणजे अंग दुखत होतं ते खरंच, पण त्यातला सुमारे ९० टक्के वाटा गोळी गिळण्याचा होता, औषधाचा नव्हता. हे कळल्यावर निम्म्या रुग्णांनी स्टॅटिन पुन्हा सुरू केलं. हृदयविकार टाळण्याच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे.

आपल्या अनुभवावर आपला विश्वास असतो, आणि असावाच. पण अनुभव कशामुळे आला, हे अनुभव स्वतः सांगत नाही. त्यासाठी आंधळी कोशिंबीर खेळावी लागते. वैद्यकशास्त्र गेली काही दशकं हाच खेळ शिस्तीत खेळतं आहे.

तर पुढच्या रविवारी मी सांगलीला गेलो. कोशिंबिरीचे नियम ठरवले. कपाटाच्या मागच्या बाजूला सोलापुरी चादर टांगली. वाय जोड दोन्ही टोकांना कायम ठेवले; दुसरी केबल फक्त खुपसायची किंवा काढून ठेवायची. हे काम वहिनींकडे. त्यांनी प्रत्येक वेळी नाणं उडवायचं, छापा आला तर डबल, काटा आला तर सिंगल. पण फेरी कुठलीही असो, केबल एकदा काढून घालण्याची खुडबुड करायचीच, म्हणजे आवाजावरून अंदाज येणार नाही. मग कॅलेंडरच्या मागे नोंद करायची आणि स्वयंपाकघरात निघून जायचं, म्हणजे त्यांच्या चेहऱ्यावरूनही काही कळणार नाही. आवाजाचं बटण हलवायचं नाही, कारण किंचित मोठा आवाज कानाला 'जास्त चांगला' वाटतो. अशा दहा फेऱ्या. आम्ही दोघांनी आपापली उत्तरं आपापल्या कागदावर लिहायची, एकमेकांना दाखवायची नाहीत.

निकाल: मित्र दहापैकी पाच, मी दहापैकी सहा. नुसतं नाणं उडवून उत्तरं लिहिली असती, तरी सरासरीने पाच बरोबर आलीच असती.

मित्र गप्प झाला. मग तो म्हणाला, "मध्ये इतका वेळ जातो, आधीचा आवाज लक्षात कसा राहणार?" हरकत बरोबर आहे. आवाजाची बारीक आठवण काही सेकंदांतच विरते. पण मग दिवाळीत 'पडदा उठला' तेव्हाही वायरी बदलायला दहा मिनिटं गेलीच होती की! त्या दिवशी फरक लक्षात राहिला, आज का नाही?

इथे गोष्ट संपली असती, तर हा लेख मी लिहिलाच नसता. पण मित्र चिवट. म्हणाला, "आता टर्नटेबलवर कर."

मिरज तिथून हाकेच्या अंतरावर आहे. सतार आणि तंबोरे बनवणारं हे गाव. २०२४ साली तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तंबोऱ्याची जवारी लावताना कारागीर तारेखाली सुताचा एक धागा सरकवतो. धागा केसभर इकडे तिकडे झाला की अख्ख्या तंबोऱ्याचा सूर बदलतो. बदल केवढासा आहे यावर सगळं ठरत नाही. तो कुठे केला आहे, यावर ठरतं.

टर्नटेबलचंही असंच आहे. तबकडीवर फिरणाऱ्या नेहमीच्या चुंबकी कार्ट्रिजमध्ये बारीक तारेचं वेटोळं असतं. त्या वेटोळ्याची आणि केबलच्या धारितेची जोडी जमून एक ठरावीक कंपनसंख्या उचलून धरली जाते. वेटोळ्याचं प्रेरकत्व अर्धा हेन्री आणि धारिता २०० पिकोफॅरड असेल, तर ही जागा सुमारे १६ हजार हर्ट्झवर येते. केबल डबल करून धारिता ४०० केली, की ती ११ हजारांपर्यंत खाली सरकते. ९-१० हजारांच्या पट्ट्यात आवाजाला धार चढते आणि त्याच्या वर तो झपाट्याने घसरतो. सीडी प्लेअरवर निरुपयोगी ठरलेला तोच उपाय इथे मोजता येईल असा, आणि धड कानाला ऐकू येईल असा, फरक करतो. तो फरक चांगला की वाईट, हा प्रश्न वेगळा. बहुतेक कार्ट्रिजना तो मानवत नाही.

पुन्हा चादर, पुन्हा नाणं, पुन्हा दहा फेऱ्या. किराणा घराण्याची एक एलपी लावली. या घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेतच राहत, म्हणून हा मान त्यांच्या घराण्याला. तबल्याच्या किनारीवर आणि तबकडीच्या चरचरीवर मी कान ठेवला. माझी उत्तरं दहापैकी नऊ बरोबर आली. नुसत्या नशिबाने नऊ किंवा त्याहून जास्त बरोबर येण्याची शक्यता शंभरात जेमतेम एक. स्वयंपाकघरातून वहिनी म्हणाल्या, "मला इथपर्यंत कळत होतं, मध्येच चरचर वाढत होती."

मित्राची उत्तरं दहापैकी पाच.

मी त्याच्याकडे पाहिलं. हॉलमध्ये फरक हजर होता, आम्हा दोघांना तो ऐकू आला होता, आणि या घरातला सगळ्यात तयार कान समजला जाणारा माणूस तिथे नव्हता. मग मी वायरीबद्दल बोलायचं थांबवलं आणि दवाखान्यात विचारतो तसे प्रश्न विचारू लागलो. टीव्हीचा आवाज कोण वाढवतं? लग्नकार्यात शेजारी बसलेल्याचं बोलणं कळतं का? नातीचा फोन स्पीकरवर घ्यावा लागतो का? कानात शिट्टी वाजल्यासारखं होतं का? उत्तरं बरीचशी वहिनींनीच दिली. "ऐकू येतं हो यांना, पण कळत नाही. 'सहा' म्हटलं की 'दहा' ऐकतात."

गेली तीन वर्षं त्याला आपल्या सिस्टीमचा आवाज मंद झाल्यासारखा वाटत होता. म्हणून आधी स्पीकर बदलले, मग अँप्लिफायर, मग वायरी डबल. प्रत्येक वेळी नव्याच्या उत्साहात महिनाभर पडदा उठायचा आणि पुन्हा पडायचा. पडदा कुठे होता ते पुढच्या आठवड्यात ऑडिओग्रामने दाखवलं. कमी कंपनसंख्यांना कान ठीक होते, ३,००० हर्ट्झच्या पुढे आलेख दोन्ही कानांत घसरगुंडीसारखा खाली आलेला. वयोमानाने येणारा बहिरेपणा असाच दिसतो.

वाचकहो, हे आपल्यापैकी अनेकांच्या घरात घडतं आहे, म्हणून नीट वाचा. कानाच्या आतल्या शंखात बारीक केसपेशी असतात. वरचे सूर पकडणाऱ्या पेशी अगदी दाराशी असतात आणि बहुधा त्याच आधी झिजतात. एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. स्वर खालच्या पट्टीत असतात, ते ऐकू येत राहतात, म्हणून माणसाला वाटतं आपले कान शाबूत आहेत. स, श, फ, थ यांसारख्या व्यंजनांचा मोठा भाग मात्र वरच्या पट्टीत असतो, आणि शब्दांना वेगळेपण देतात ती व्यंजनं. म्हणून आवाज येतो, शब्द कळत नाही. समोरचा पुटपुटतो असं वाटतं. मग माणूस चिडतो, गप्प बसतो, कार्यक्रमांना जाणं टाळतो. २०२४ च्या लॅन्सेट आयोगाने स्मृतिभ्रंशाचे जे १४ टाळता येण्याजोगे धोके सांगितले, त्यांत कमी ऐकू येणं हा एक आहे.

आणि माझ्या धंद्यातली भीती सांगू? 'सहा' आणि 'दहा'. इन्शुलिनचे सहा युनिट की दहा युनिट, यात साखर एकदम उतरून माणूस बेशुद्ध पडण्याइतका फरक आहे. म्हणून माझ्या दवाखान्यात साठीच्या पुढच्या प्रत्येकाला डोस कागदावर आकड्यात आणि अक्षरात लिहून मिळतो आणि तो परत म्हणून दाखवावा लागतो. तुमचे डॉक्टर असं करत नसतील, तर तुम्ही स्वतःहून म्हणून दाखवा. फोनवर डोस ऐकला असेल, तर लिहून पाठवायला सांगा.

झीज काही प्रमाणात वयाची, पण बरीचशी आवाजाचीही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने मोठ्या माणसाला आठवड्याला ८० डेसिबलचा आवाज ४० तास चालतो. आवाज ३ डेसिबलने वाढला की वेळ निम्मा. ८३ ला २० तास, ८६ ला १० तास. या हिशोबाने १०१ डेसिबलला आठवड्याची सगळी शिदोरी १९ मिनिटांत संपते. आपल्या सातारा-सांगलीकडे गणपतीत 'डॉल्बी'च्या भिंतीसमोर पोरं तासन् तास नाचतात, त्यांचं गणित तुम्हीच करा. मिरवणुकीनंतर कानात दडे बसले किंवा शिट्टी वाजली, तर तो कानाने दिलेला इशारा समजा. भिंतीपासून लांब उभे राहा, कानात बोळे घाला, लहान मुलांना खांद्यावर घेऊन तिथे उभं करू नका.

कमी ऐकू येतंय अशी शंका आली, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. कधी कधी नुसता मळ साठलेला असतो आणि काम पाच मिनिटांत होतं. पण एका कानाचं ऐकणं अचानक, तासा-दिवसांत गेलं, तर ती तातडीची बाब आहे. त्याच दिवशी दाखवा, कारण उपचाराला उशीर झाला की गेलेलं ऐकणं परत येण्याची शक्यता कमी होत जाते.

मित्राला दोन्ही कानांची श्रवणयंत्रं सुचवली गेली. त्याने मला विचारलं, "यांचीही आंधळी कोशिंबीर खेळायची ना?" रास्त प्रश्न! ऑडिओलॉजिस्टने त्याला यंत्राविना आणि यंत्रासह शब्दांच्या याद्या ऐकवल्या आणि किती शब्द बरोबर म्हणतो ते मोजलं. यंत्रासह स्पष्टपणे जास्त आले. पहिले काही आठवडे भांड्यांचा आवाजही त्याला टोचत होता. मेंदूला इतकी वर्षं न आलेल्या आवाजांची पुन्हा सवय लागायला वेळ लागतो. पुष्कळ लोक याच काळात यंत्र कपाटात ठेवून देतात. त्याने ठेवलं नाही, कारण वहिनींनी ठेवू दिलं नाही.

आता गोळीकडे येऊ. शरीरातही काही जागा सीडी प्लेअरसारख्या असतात आणि काही टर्नटेबलसारख्या. स्टॅटिनचा डोस दुप्पट केला, तर एलडीएल कोलेस्टेरॉल आणखी साधारण ६ टक्केच उतरतं. म्हणजे वायर डबल, फायदा चिमूटभर. आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामकांचा दुखणं कमी करण्याचा गुण एका मर्यादेपाशी थांबतो, पण पोट आणि किडनीवरचा भार वाढतच राहतो. फिटसाठीच्या फेनिटॉइनचा डोस थोडासा वाढवला, तरी रक्तातलं प्रमाण एकदम चढू शकतं आणि माणूस झिंगल्यासारखा चालू लागतो. थायरॉइडची गोळी दुप्पट केली, तर छाती धडधडते. 'दुप्पट' या एकाच शब्दाचे चार औषधांत चार अर्थ झाले. ते ओळखण्यासाठीच तुम्ही डॉक्टरची फी देता.

तेव्हा गुण येत नसेल, तर गोळी डबल करण्याआधी दवाखान्यात या. कदाचित गोळी बरोबर असेल आणि दुखणं भलतीकडेच असेल, माझ्या मित्राच्या वायरीसारखं.

टर्नटेबलची डबल केबल त्याने काढून टाकली. सीडी प्लेअरची मात्र अजून डबलच आहे. "दिसायला भारी दिसते," म्हणतो. राहू दे. तिने अपाय काहीच नाही.